थंड जागी हलवा

विंडोजच्या जागी टाकायच्या लिनक्स मिंटचं इन्स्टॉलेशन अर्ध्यात फसलं की पडद्यावर एक चौकट येते. वर ‘एर्नो 5, इनपुट/आउटपुट एरर’ अशी कोरडी ओळ आणि खाली इंग्रजीत एक लांबलचक उपदेश. त्याचा आशय असा: सीडी किंवा सीडी ड्राइव्ह खराब असेल, नाहीतर हार्ड डिस्क. सीडी पुसून बघा, कमी वेगानं पुन्हा राइट करून बघा, ड्राइव्हची लेन्स साफ करा, हार्ड डिस्क जुनी होऊन बदलायला आली आहे का ते पाहा, किंवा कॉम्प्युटर थंड जागी हलवा.

हा शेवटचा सल्ला मी सांगलीच्या मार्केट यार्डात, एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली बसून वाचला. आत हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, बाहेर चाळिशीच्या घरातलं ऊन, आणि डोक्यावर वारा सोडून बाकी सगळं देणारा पंखा. काकांच्या दुकानातले दिवाणजी शेजारीच होते. “काय म्हणतोय ओ ताई?” म्हणून त्यांनी विचारलं. थंड जागी न्या म्हणतोय, मी सांगितलं. “मग हरिपूरच्या पेवात सोडूया की,” एवढं बोलून त्यांनी परत पट्ट्यांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या कागदांच्या, गठ्ठ्यात डोकं घातलं.

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची रीत होती. तोंड बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. 2005 च्या पुरानं त्यातली बरीचशी पेवं निकामी केली. दिवाणजींनी नोकरी सुरू केली ती पेवांच्या पावत्या लिहिण्यापासून. त्यामुळे थंड जागा म्हटल्यावर त्यांना फ्रीज किंवा एसीच्या आधी पेव आठवलं, यात मला तरी गंमत अशी काही वाटली नाही. उलट त्या चौकटीतल्या परिच्छेदापेक्षा हा सल्ला जास्त नेमका होता.

कॉम्प्युटर माझ्या काकांच्या अडत दुकानातला. कोअर टू ड्युओ, एक-एक जीबीच्या दोन रॅम, 320 जीबीची हार्ड डिस्क, विंडोज 7. जीएसटी, बँक, बाजार समितीची कामं चुलतभावाच्या लॅपटॉपवर चालतात. हा जुना डबा दिवाणजींच्या ताब्यात. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाईचा हिशेब, उधारीच्या याद्या. त्यांचं काही अडत नव्हतं. अडलं ते बाहेरच्यांचं. विंडोज 7 चा आधार मायक्रोसॉफ्टनं 14 जानेवारी 2020 ला काढून घेतला, 2023 च्या सुरुवातीला क्रोमही 109 व्या आवृत्तीवर थांबला, आणि त्यानंतर एकेक साइट या कॉम्प्युटरला दारातूनच परत पाठवायला लागली. परगावच्या व्यापाऱ्याची मेल उघडायची तर दिवाणजींना दादाच्या लॅपटॉपपाशी जाऊन उभं राहावं लागे. ते त्यांना आवडत नसे. मलाही बघवत नसे.

दादाचं म्हणणं, भंगारात घाला. ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. विंडोज 10 चाही आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. या डब्यात त्यातलं एकही नाही. पण पट्टी टाईप करायला आणि छापायला जो कधी कमी पडला नाही तो निव्वळ दुसऱ्या कुणाच्या यादीत बसत नाही म्हणून मोडीत काढायचा, हे मला पटत नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती 2 जीबी रॅमवर चालते. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. बघू तरी, म्हणून मी बसले. जुना सगळा डाटा आधी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवला. दिवाणजींनी ती डिस्क फडक्यात गुंडाळून गल्ल्यात ठेवली आणि किल्ली कनवटीला लावली.

पेन ड्राइव्हवरून सुरू होण्यातच थोडा वेळ गेला, पण त्यात फार काही नाही. कॉम्प्युटर चालू करताच सगळ्यांत आधी जागा होतो तो त्याच्या आतला एक छोटा प्रोग्राम. हल्लीच्या कॉम्प्युटरांत तो यूईएफआय, यात जुना बायोस. बायोसला डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटांत आपली सोय केलेली लागते. पेन ड्राइव्ह बनवताना त्याच्या मांडणीसाठी जीपीटीऐवजी एमबीआर हा जुना प्रकार निवडला की काम होतं. दुसरी खोड अशी की बऱ्याच जुन्या बायोसला पेन ड्राइव्ह म्हणजे हार्ड डिस्कच वाटते. ‘रिमूव्हेबल’मध्ये तो शोधत बसलात तर सापडणारच नाही, हार्ड डिस्कच्या यादीत जाऊन वर घ्यावा लागतो. पुढचे यूएसबी पोर्ट टाळावेत, ते सैल झालेले असतात. हे झालं की मिंटचा हिरवट पडदा येतो आणि माणसाला वाटतं, जिंकलो.

मग ती चौकट.

अशा वेळी लोक काय करतात ते मी पुष्कळ पाहिलंय. पुन्हा तेच बटण दाबतात. मग पेन ड्राइव्ह बदलतात, लगेच दुसरी आवृत्ती उतरवतात, तिसऱ्याच कुणाचं ऐकून बायोसमधलं काहीतरी फिरवतात, आणि संध्याकाळपर्यंत कुठली गोष्ट आधी कशी होती हे कुणालाच सांगता येत नाही. मी एवढंच पाहिलं की ते दरवेळी एकाच ठिकाणी अडकतंय का वेगवेगळ्या. एकाच ठिकाणी अडकत असेल तर बहुतेक फाईल नाहीतर पेन ड्राइव्ह. दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर संशय खाली उतरतो: रॅम, केबल, वीज, उष्णता. इथं कधी फाईल कॉपी होताना, कधी भाषा बसवताना, कधी अगदी शेवटी, मिंटला सुरू करून देणाऱ्या बूटलोडरपाशी. म्हणजे चौकटीतला उपदेश पुसा-धुवा म्हणत असला तरी दोष पुसण्याजोग्या जागी नव्हता.

हार्ड डिस्कची तपासणी पेन ड्राइव्हवरच्या मिंटमधूनच होते. स्मार्ट नावाची नोंद डिस्क स्वतःच ठेवत असते. त्यात 5 नंबरच्या ओळीत बदली केलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, 197 मध्ये संशयित सेक्टर, आणि 199 मध्ये केबलवरून येता-जाता झालेल्या चुका. 199 वाढत असेल तर डिस्कला दोष न देता आधी ती लाल साटा केबल बदलावी. नवी डिस्क घेऊन आलेले आणि जुनीच केबल जोडून बसलेले लोक मला माहीत आहेत. इथं तिन्ही ओळी स्वच्छ होत्या. इतक्या वर्षांच्या डिस्कनं हे दाखवावं याचं मला कौतुक वाटलं. दिवाणजींना नाही वाटलं. “तिला काम काय, पट्ट्या तर सांभाळायच्या,” म्हणाले.

मग उतरवलेली फाईल तपासायला घेतली, आणि इथं आमची गाडी खऱ्या अर्थानं रुळावर आली.

मिंटची ही फाईल तीन जीबीला थोडी कमी. तिच्याबरोबर एसएचए-256 नावाचा 64 अक्षरांचा एक आकडा देतात. आपल्याकडे आलेल्या फाईलवर तेच गणित करायचं. आकडा जुळला तर फाईल जशीच्या तशी आली, एक टिंब जरी इकडचं तिकडं झालं तर आकडा पार वेगळा. हे मी दिवाणजींना समजावून सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. “म्हणजे नवाचा ताळा.”

नवाचा ताळा आता शाळेत कुणी शिकवतं का, कल्पना नाही. आकड्यातले अंक मिळवायचे, नऊ टाकत जायचे, उरेल तो ताळा. गुणाकार बरोबर असेल तर दोन्हीकडचा ताळा जुळतो. पण त्यात एक भोक आहे आणि ते दिवाणजींनीच दाखवलं: 72 च्या जागी 27 लिहिलं तर ताळा जुळतोच, कारण अंक तेच आहेत. म्हणून जुन्या कारकुनांकडं त्याचा उतारा असतो. बेरजेत फरक आला आणि त्या फरकाला नवानं भाग गेला, तर आधी कुठं अंकांची अदलाबदल झालीय का ते शोधायचं. 72 आणि 27 मधला फरक 45. त्यांनी हे पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीनं करून दाखवलं. एसएचए-256 मध्ये हे भोक नाही, मी म्हटलं. दोन अक्षरांची अदलाबदल केली तरी सगळाच्या सगळा आकडा बदलतो. त्यांनी मान डोलावली, पण मला वाटतं त्यांना त्यात फारशी मजा वाटली नसावी. नवाचा ताळा पेन्सिलीनं होतो.

दादाच्या लॅपटॉपवर फाईलचा आकडा अचूक जुळला. तीच फाईल बाहेरच्या डिस्कवरून या डब्याला मोजायला लावली तर जुळेना. पुन्हा मोजायला लावली तर पहिल्यापेक्षाही वेगळाच आकडा! तीच फाईल, तेच यंत्र, आणि दरवेळी निराळं उत्तर. दिवाणजी तेव्हा पट्ट्या बाजूला ठेवून खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले. “वही तीच आणि बेरीज रोज वेगळी येत असंल,” ते म्हणाले, “तर वहीत चूक न्हाई. बेरीज करणाऱ्यात हाय.”

बेरीज करणारा म्हणजे रॅम. डिस्कवरून वाचलेलं सगळं प्रोसेसरकडे जातं ते रॅममधून, आणि रॅममध्ये एक बिट जरी पलटला तरी इन्स्टॉलरच्या हातात पडतो तो मोडका माल. मिंटच्या फाईली घट्ट दाबून बसवलेल्या असतात. त्यातला एक ठोकळा बिघडला की तो उलगडतच नाही, आणि इन्स्टॉलर बिचारा म्हणतो, मला वाचता येत नाही, सीडी पुसा. त्याला आपल्याला काय दिसलं एवढंच माहीत. त्याच्या आधी काय घडलं याची त्याला गंधवार्ता नसते.

रॅम तपासणारा मेमटेस्ट86+ हा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवायचा असतो, पण इथं लाल ओळी यायला रात्रीची गरज पडली नाही. मग एक रॅम काढून दुसरी, ही खाच सोडून ती. गंमत अशी की दोन्ही रॅम एका खाचेत सरळ चालत होत्या आणि दुसरीत दोन्ही बिघडत होत्या. रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट-पांढरी साय धरलेली होती आणि त्या दुसऱ्या खाचेत तर जास्तच.

ती साय कुठली हे काकांना विचारायची गरज नव्हती. ऑगस्ट 2019 मध्ये हा कॉम्प्युटर गावभागातल्या घरी होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट; त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर पाणी होतं. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, कोरडा. पण पाणी उतरल्यावर त्या घरातल्या भिंतींनी जी ओल धरली ती पुढचे कितीतरी महिने गेली नाही. कपाटातल्या साड्यांना वास होता, पुस्तकांना बुरशी होती. कॉम्प्युटर वाचला म्हणून सगळ्यांनी समाधान मानलं आणि नंतर तो दुकानात आणला. ओल कॅबिनेटच्या आत काय करत बसली होती ते कुणी उघडून बघितलं नाही. विंडोज 7 चालत होतं म्हणजे सगळं ठीक. पट्टी टाईप करताना रॅमचा थोडासाच भाग वापरात येतो, इन्स्टॉलेशनला जवळजवळ सगळी रॅम लागते. बिघाड इतकी वर्षं गप्प बसू शकला तो यामुळे.

खोडरबरनं रॅमचे दात घासले. हा उपाय ऐकायला पोरकट वाटतो, पण सांगलीतल्या कुठल्याही रिपेअरिंगच्या दुकानात ड्रॉवरमध्ये खोडरबर असतंच. पांढरं, मऊ घ्यावं. शाई खोडायचं खरखरीत रबर सोन्याचा मुलामा खरवडतं. खाच ब्रशनं साफ केली. मेमटेस्ट आता निमूट चालला. फाईलचा आकडाही अक्षर न अक्षर जुळला. इन्स्टॉलेशन लावलं. चौकट आली नाही, पण कॉम्प्युटरच बंद पडला. संदेश नाही, आवाज नाही, पडदा काळा.

हा क्षण ओळखीचा आहे. सर्वांत जास्त नुकसान इथं होतं, कारण या ठिकाणी माणूस म्हणतो की रॅम नव्हतीच, आपण उगीच घासत बसलो, आणि मागे फिरून पहिल्यापासून सगळं उलटंपालटं करतो. दिवाणजी मात्र शांत होते. त्यांच्या कामात हे रोजचं. “एक चूक घावली आणि तरी बी ताळेबंद लागला न्हाई,” ते म्हणाले, “तर घावलेली चूक खोटी हुती असं हुत न्हाई ताई. अजून एक हाय.” आणि मग, जरा थांबून, “दोन चुका एकमेकींना झाकत्यात. दोनशे जादा आणि दोनशे कमी. बेरीज बरोबर येती तवा तर जास्त भ्या वाटतं.”

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा दुरुस्तीतला नियम सगळे सांगतात. तो बरोबर आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीतक लपलेलं असतं की दोष एकच आहे. दोष दोन असले की एक काढूनही वरून काहीच फरक दिसत नाही, आणि नियम प्रामाणिकपणे पाळणारा माणूस खरा चोर निर्दोष म्हणून सोडून देतो. म्हणून मी बाहेरून काय दिसतं यापेक्षा मधल्या तपासण्यांवर जास्त विसंबते: फाईलचा आकडा जुळला का, मेमटेस्ट स्वच्छ गेला का. या गोष्टी एकेका अवयवाची साक्ष देतात. सगळं इन्स्टॉलेशन पार पडणं ही सगळ्यांनी मिळून द्यायची साक्ष आहे, आणि त्यात एकानं तोंड उघडलं नाही की बाकीचे खरं बोलले हेही कळत नाही.

त्यात बंद पडण्याची तऱ्हाही आता वेगळी होती. आधी मोडका माल, आता अचानक अंधार. बायोसमध्ये तापमान दाखवणारं एक पान असतं. ते उघडून नुसतं बघत बसलो. काही काम नसताना आकडा वर वर चालला होता. प्रोसेसरला फार ताप झाला की तो आधी हळू होतो आणि मग स्वतःला वाचवायला वीजच तोडतो. पट्टी टाईप करताना त्याला घाम फुटत नाही. इन्स्टॉलेशनला मात्र दाबलेल्या फाईली उलगडताना तो पूर्ण ताकदीनं पळत असतो.

पंखा काढला. या पिढीतले इंटेलचे पंखे चार खुंट्यांवर बसतात, प्रत्येक खुंटी पाव फेरा फिरवून वर ओढायची. एक खुंटी आधीच सुटून वर आलेली. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये जे होतं त्याला धूळ म्हणवत नाही. पिवळाधमक, नमद्यासारखा घट्ट थर. यार्डात पोती उतरतात, सौद्याला ओतली जातात, परत भरली जातात. हळकुंडाची बारीक पूड हवेत असतेच. पंखा ती वर्षानुवर्षं आत ओढत होता. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवावी, मोकळी सोडली की ती भरमसाट फिरून बेअरिंग जातं. रंगाच्या जुन्या ब्रशनं उरलेली पूड काढली, नवी पेस्ट लावली, चारही खुंट्या खट्ट बसल्याचा आवाज ऐकून घेतला. दुकानभर असा काही वास सुटला की समोरच्या गाळ्यातला हमाल डोकावून विचारून गेला, कांडप सुरू केलं का म्हणून. तापमान सुरू होताच जिथं होतं तिथंच बसलं. म्हणजे त्या चौकटीतला शेवटचा सल्ला बरोबर निघाला, फक्त ज्या दोषासाठी तो आला होता त्यासाठी नव्हे.

इन्स्टॉलेशन पार पडलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक पट्टी डावीकडून उजवीकडे गेली.

मग अपडेट घ्यायला गेले तर सर्व्हरनं नकार दिला: ही यादी अजून लागूच झालेली नाही म्हणे. कॉम्प्युटरच्या लेखी तारीख होती 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवरचा सीआर2032 हा तीन व्होल्टचा सेल संपला की वीज तोडल्यावर घड्याळ मागं जातं, आणि घड्याळ मागं गेलं की सुरक्षेची सगळी प्रमाणपत्रं त्याला भविष्यातली वाटतात. दिवाणजींना हे सांगावंच लागलं नाही. मागच्या तारखेनं व्यवहार केला तर कोण मान्य करणार, म्हणून ते स्वतःच उठले आणि मनगटी घड्याळाच्या दुकानातून सेल घेऊन आले.

त्यांच्या जुन्या फाईली उघडल्या तेव्हा मात्र ते घाबरले. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो कचरा नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्याकडची दुकानं, छापखाने आणि कचेऱ्या पुढं कितीतरी वर्षं अशा फॉन्टांवर चालली ज्यांत इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट गेला की चित्र जातं, घर उरतं. गल्ल्यातली डिस्क काढून त्यावरचा फॉन्ट नव्या ठिकाणी ठेवला, नावं परत आली. शोधायला गेलं तर ती सापडत नाहीत, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ते मराठी नाहीच. हळूहळू रूपांतर करू, असं ठरलंय. घाई कुणालाच नाही.

खरी तक्रार दुसऱ्या दिवशी आली. दिवाणजी आकडे उजवीकडच्या कीपॅडवर मारतात, न बघता, आणि नवं मिंट सुरू होताना त्या कीपॅडचे आकडे चालू करणारं नमलॉक बंद ठेवतं. पहिल्याच पट्टीत वजनाच्या जागी कर्सर इकडं-तिकडं उड्या मारायला लागला. फोनवर त्यांचा आवाज, “ताई, ह्यात आकडंच न्हाईत ओ.” नमलॉकएक्स हा छोटा प्रोग्राम टाकून लॉगिनच्या सेटिंगमध्ये एक खूण केली, प्रश्न मिटला. त्याच ओघात मी कीबोर्डही भारतीय इंग्रजीवर नेला आणि उजवं ऑल्ट धरून 4 दाबलं की रुपयाचं चिन्ह कसं येतं ते दाखवलं. 2010 ला आलेलं चिन्ह त्यांच्या एकाही पट्टीत नव्हतं. त्यांनी एकदा काढून पाहिलं, ₹, चष्मा वर करून नीट पाहिलं, आणि बॅकस्पेसनं खोडून टाकलं.

“‘रु.’च बरं हाय,” म्हणाले. “शेतकऱ्यास्नी वळखू येतं.” आणि पुढची पट्टी घेतली: राजापुरी, हळकुंड, पोती, वजन, दर.